क्लोराइडचे अवक्षेपण अनुमापन

पाण्यातील किंवा मातीच्या अर्कातील क्लोराइड (मिठाचा एक घटक) मोजण्याची रासायनिक पद्धत. नमुन्यात ब्यूरेटमधून (तोटी असलेल्या मोजनळीतून) सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण सोडले, की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका पडतो. किती द्रावण लागले त्यावरून क्लोराइड काढतात.

कोल्हापूर जिल्ह्यात या चाचणीला शेतीच्या दृष्टीने मोठे मोल आहे. शिरोळ तालुक्यात उसाला भरमसाट पाणी आणि निचरा अपुरा, यामुळे बऱ्याच जमिनी क्षारपड झाल्या आहेत. इचलकरंजीत सुती कापड रंगवताना मीठ लागते, तेही शेवटी सांडपाण्यात उतरते. क्लोराइड तळाशी बसत नाही, जिवाणूंनी कुजत नाही. त्यामुळे पंचगंगेसारख्या नदीत सांडपाणी कुठे मिसळते याचा माग काढायला ते फार भरवशाचे.

सर्वाधिक प्रचलित रीत कार्ल फ्रीडरिख मोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली. पोटॅशियम क्रोमेट हा तिचा दर्शक, म्हणजे रंग बदलून कधी थांबायचे ते सांगणारा पदार्थ. सिल्व्हर क्रोमेट हे सिल्व्हर क्लोराइडपेक्षा अधिक विद्राव्य असल्याने आधी क्लोराइड संपते, मगच क्रोमेटची पाळी येते. शंकुपात्रातल्या पिवळ्या, दुधट द्रावणात थेंब पडतो तिथे विटकरी ठिपका उमटतो आणि हलवताच विरतो. ही झाक पहिल्यांदा टिकली, की थांबायचे. सगळे द्रावण लालभडक होईपर्यंत वाट पाहिली, तर रीडिंग पुढे गेलेले असते. सारे कसब इथेच आहे. ऊर्ध्वपातित पाण्याचे ब्लँक (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेली तीच चाचणी) शेजारी ठेवून रंग ताडून पाहावा, हे उत्तम.

समजा, 100 मिली पाण्याला 0.0141 नॉर्मल (तीव्रतेचे एकक) सिल्व्हर नायट्रेट द्रावण 12.4 मिली लागले आणि ब्लँकला 0.2 मिली. फरक 12.2, दर मिलीला 5 मिग्रॅ प्रतिलिटर, म्हणजे क्लोराइड 61. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500 : 2012) स्वीकारार्ह मर्यादा 250 आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 1000 पर्यंत चालते.

नमुन्याचा सामू (pH) साधारण 7 ते 10 हवा. आम्लात क्रोमेटचे रूप पालटते, अति अल्कलीत सिल्व्हर ऑक्साइडचा साका पडतो. ब्रोमाइड आणि आयोडाइड क्लोराइड म्हणूनच मोजले जातात. रंगीत सांडपाणी आधी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडने निवळून घेतात. नमुना आम्लधर्मीच ठेवायचा असेल तर जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोलहार्डची उलट अनुमापनाची रीत (1874) वापरतात; तीत सिल्व्हर नायट्रेट मुद्दाम जास्त घालून उरलेले मोजतात.

क्रोमेट कर्करोगकारक आहे आणि चांदीचे क्षार जलचरांना घातक. वापरलेले द्रावण मोरीत ओतू नये, वेगळ्या बाटलीत साठवावे.