डायपर घेण्याआधी वजनकाटा काढा

आत्या पुण्याच्या लग्नाला येत नाही म्हणाली, तेव्हा घरात सगळ्यांना तिचे गुडघे आठवले. गुडघे दुखत होतेच, पण कारण ते नव्हतं. संध्याकाळी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच म्हणाली, "अगं, सोलापूरहून पाच तास. मधे गाडी कुठे थांबणार, आणि ती थांबेपर्यंत माझं थांबणार का?"

वर्षभर ती हे एकटीने निभावत होती. कपाटात साड्यांमागे प्रौढांच्या डायपरचं मोठं पाकीट होतं. 'सगळ्यात जास्त शोषणारं' म्हणून मेडिकलवाल्याने दिलेलं. जाड, गरम, चालताना आवाज करणारं, आणि एवढं करून मांडीच्या कडेने गळणारंच. बाहेर जायचं असलं की ती पहाटेपासून पाण्याचा थेंब घेत नसे.

आम्ही केलेलं पहिलं काम अगदी साधं होतं. शंभर ग्रॅमलाही नीट वजन दाखवणारा छोटा काटा आणला, फक्त याच कामासाठी. कोरा डायपर 92 ग्रॅम भरला. सकाळी तीन तास वापरून काढलेला 131. लघवीचा 1 ग्रॅम म्हणजे जवळजवळ 1 मिलिलिटर, म्हणजे तीन तासांत सांडलं होतं 40 मिलिलिटरच्या आतबाहेर. चहाचा अर्धा कपसुद्धा नाही! रात्रभरचा मात्र 420 ग्रॅम भरला. डॉक्टरांकडे हीच रीत 'पॅड टेस्ट' म्हणून वापरतात. दोन दिवस वेळ, वजन आणि तेव्हा काय चाललं होतं (खोकला, जिना, नळाचा आवाज) असं वहीत लिहिलं, आणि आत्याची गरज एक नसून दोन आहेत हे कागदावर दिसलं. दिवसाची थोडी, रात्रीची बरीच. ती दोन्हींसाठी एकच वस्तू वापरत होती.

ती वही घेऊन आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो. हे मी आग्रहाने सांगते, कारण डायपर लघवी टिपतो, ती का गळते ते सांगत नाही. खोकताना-हसताना गळणं वेगळं आणि अचानक कळ येऊन संडासापर्यंत पोचता न येणं वेगळं. पहिल्या प्रकारात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम खरोखर उपयोगी पडतो. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी तो 1948 मध्ये मांडला आणि आजही तो पहिल्या उपचारांत आहे. पुरुषांत प्रोस्टेट वाढल्याने मूत्राशय कधीच पुरतं रिकामं होत नाही आणि भरून थेंब थेंब ओघळत राहतं, असंही होतं. तिथे नुसता डायपर लावून बसलं तर मूत्रपिंडांवर ताण येत राहतो आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही. जळजळ, रक्त, ताप किंवा एकाएकी सुरू झालेलं गळणं असेल तर थांबूच नये.

आता डायपरच्या पोटात काय असतं ते. मी एक कोरा डायपर वर्तमानपत्रावर ठेवून कात्रीने उभा कापला. आत कापसासारखा लगदा दिसतो, तो लाकडाचा. त्यात मिठासारखे पांढरे दाणे मिसळलेले असतात. खरं काम या दाण्यांचं. सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाचं हे पॉलिमर. त्याचा पूर्वज 1960 च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत स्टार्चपासून तयार झाला, आणि हेतू होता शेतजमिनीत पाणी धरून ठेवण्याचा. डायपरमध्ये असे दाणे आले 1980 च्या दशकात, जपानमध्ये.

चिमूटभर दाणे मी पाण्याच्या ग्लासात टाकले. मिनिटभरात ते साबुदाण्यासारखे फुगले आणि ग्लास उलटा केला तरी पडेनात. मग वरून चमचाभर मीठ घातलं आणि ढवळलं. सगळं पुन्हा पातळ झालं. आत्या शेजारी उभी होती, ती म्हणाली, "म्हणजे लघवीत असंच होत असणार."

तसंच होतं. दाण्यातल्या लांब साखळ्यांना सोडियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, चिकटलेले असतात. त्यांना बाहेर पडता येत नाही, म्हणून पाणीच आत खेचलं जातं. बाहेरच्या पाण्यातही मीठ असेल तर ही ओढ मंदावते. शुद्ध पाणी हे दाणे आपल्या वजनाच्या कित्येकशे पट धरतात. लघवीइतक्या खारट पाण्यात ते तीस-चाळीस पटीपर्यंत उतरतं. त्यामुळे दुकानात नळाचं पाणी ओतून दाखवलेल्या प्रात्यक्षिकावर मी विसंबणार नाही. घरी तपासायचं तर लिटरभर कोमट पाण्यात 9 ग्रॅम मीठ घाला.

पाकिटावर लिहिलेल्या मिलिलिटरचंही तसंच. तो आकडा बहुतेक वेळा अख्खा डायपर द्रवात बुडवून, निथळून मोजलेला असतो. माणूस डायपरमध्ये बुडत नाही. तो त्यावर बसतो, कुशीवर वळतो, आणि लघवी एकाच जागी पडते. अंगावर डायपर गळायला लागतो तेव्हा त्याचा बराच भाग कोरडाच असतो. डायपर निवडताना आपण इथेच चुकतो, असं माझं मत आहे. आपण किती मावतं ते विचारतो. किती वेगाने आत जातं आणि वजन पडल्यावर आत राहतं का, हे विचारत नाही.

वेगाचा हिशोब असा. जोराची कळ येऊन सुटली तर सेकंदाला 15-20 मिलिलिटर सहज येतात. दाणे इतक्या झटपट फुगत नाहीत, त्यांना वेळ लागतो. तोवर लघवीला थांबायला जागा हवी. ती देतो लाकडाचा लगदा आणि त्याच्यावरचा एक फुसफुशीत थर, जो द्रव झटकन घेऊन पुढेमागे पसरवतो. स्वस्तातल्या मालात हाच थर पातळ असतो किंवा नसतोच. मग पहिल्या जागेचे दाणे फुगून बांध घालतात आणि दुसऱ्या वेळची लघवी त्या बांधावरून कडेला वाहते. आत्याचं मांडीकडचं गळणं काही अंशी हेच होतं.

घरची परीक्षा सोपी आहे. मिठाचं 100 मिलिलिटर पाणी मधोमध एका दमात ओता, किती सेकंदांत नाहीसं होतं ते पाहा. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा ओता. दुसऱ्या खेपेला लागणारा वेळ जास्त बोलका असतो. मग वर टिश्यू पेपर ठेवून तळहाताने जोर द्या. कागद ओला झाला तर कातडीही ओलीच राहणार.

यानंतर माप. कंबर आणि नितंब दोन्ही टेपने मोजा, मोठा आकडा धरा आणि त्या कंपनीचा तक्ता पाहा, कारण एकीचं 'एल' दुसरीचं 'एम' असू शकतं. मोठं घेतलं म्हणजे जास्त शोषेल हा समज फार पसरलेला आहे. ढगळ डायपर मांडीपाशी फट सोडतो. आणि आपल्याकडे ही फट उभं राहून कळतच नाही. मांडी घालून बसा, भारतीय संडासाला बसतो तसं उकिडवं बसून बघा. आत्या दिवसातून चार वेळा देवापुढे खाली बसते. तिथे तिचा डायपर मांडीच्या जोडापासून बोटभर सुटत होता. आतल्या बाजूला दोन उभ्या झालरी असतात, त्या घातल्यावर बोट फिरवून उभ्या करायच्या. त्या दुमडलेल्या राहिल्या तर चांगला डायपरही गळतो. पुरुषांनी लिंग खालच्या दिशेला आहे ना ते पाहावं, नाहीतर लघवी थेट कमरेच्या कडेतून वर येते.

चालत्याफिरत्या माणसाला चड्डीसारखा पँट डायपर बरा, स्वतः वर-खाली करता येतो. अंथरुणावरच्या माणसाला टेपवाला, कुशीवर वळवून बदलता येतो. थोडं गळत असेल तर नुसता पॅड पुरतो, मात्र लघवीसाठी बनवलेला. पाळीचा पॅड इतका वेग झेलत नाही. एकावर एक दोन डायपर घालू नका. आतल्याच्या पाठीला प्लॅस्टिक असतं, बाहेरच्यापर्यंत काही पोचत नाही.

पाठीच्या या पडद्यात मला फार रस वाटतो. तो 'कापडासारखा' वाटणारा असेल तर बहुधा त्या प्लॅस्टिकच्या पातळ फिल्ममध्ये खडूची पूड मिसळून ती ताणलेली असते. ताणताना प्रत्येक कणाभोवती बारीक भोक पडतं. त्यातून वाफ जाते, थेंब जात नाही. उन्हाळ्यातल्या सोलापुरात या भोकांची किंमत कळते, कारण ओल आणि उष्णता दोन्ही कातडी मऊ करून सोलवटतात. निरोगी कातडी किंचित आम्ल असते. लघवीतल्या युरियाचं जंतूंमुळे अमोनियात रूपांतर झालं की ती आम्लता मोडते, आणि शौचही लागली असेल तर त्रास झपाट्याने वाढतो. तेव्हा ताबडतोब बदलायचं. घासायचं नाही, टिपायचं. क्रीमचा हात अगदी पातळ. जाड लेप डायपरच्या वरच्या थराला चिकटून त्याची छिद्रंच बुजवतो. बाहेरची रेघ रंग बदलते ती ओल लागली म्हणून, भरला म्हणून नव्हे.

वापरलेला डायपर गुंडाळून, कागदात बांधून वेगळा द्यायचा. पुण्यात कचरावेचक कष्टकऱ्यांनी यासाठीच पुडक्यावर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली, म्हणजे ते पुडकं त्यांना उघडावं लागत नाही.

लाजेबद्दल आत्याशी बोलताना मी तिला अ‍ॅलन शेपर्ड यांची गोष्ट सांगितली. 5 मे 1961 ला अवकाशात जाणारा हा पहिला अमेरिकी माणूस. उड्डाण तासन्‌तास लांबलं आणि त्यांना पोशाखातच लघवी करावी लागली, कारण सोयच केलेली नव्हती. पुढे नासाने सोय केली, आणि अवकाशात यानाबाहेर काम करणारे आता पोशाखाखाली डायपरच घालतात.

लग्नाला आत्या आली. जाताना बारीक पॅड, पिशवीत दोन पँट डायपर आणि एक जुनी प्लॅस्टिकची पिशवी. परतीच्या वाटेवर इंदापूरला गाडी थांबली, तेव्हा तिने उसाचा रस मागितला. मोठा ग्लास, बर्फ न घालता.