व्हाइट बॅलन्स आणि जेल: रंग दोन्हींनी सुधारतो, पण काम वेगळं

कॉन्फरन्स रूममध्ये फ्लॅश लावून पोर्ट्रेट काढलं. चेहरा छान आला, पण मागची भिंत पिवळी. कॅमेऱ्यातल्या व्हाइट बॅलन्सचा केल्विन आकडा (प्रकाशाच्या रंगाचं माप; कमी म्हणजे पिवळा, जास्त म्हणजे निळा) खाली आणला, तर भिंत पांढरी झाली आणि चेहरा निळा पडला. मधला आकडा धरला, तर दोन्ही बिघडले.

व्हाइट बॅलन्स अख्ख्या चौकटीचा रंग एकाच दिशेने सरकवतो. कुठला प्रकाश छतावरून आला आणि कुठला फ्लॅशमधून, हे त्याला कळत नाही. जेल म्हणजे फ्लॅशच्या तोंडावर लावायची रंगीत पारदर्शक फिल्म. ती फक्त त्या एका दिव्याचा रंग बदलते. खोलीत एकाच रंगाचा प्रकाश असेल, तर व्हाइट बॅलन्स पुरतो. दोन रंग असतील, तर आधी जेलने ते जुळवायचे आणि मगच व्हाइट बॅलन्स लावायचा.

फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विन असतो, ऑफिसातले एलईडी बरेचदा ४००० च्या आसपास. हा फरक बहुधा पाव सीटीओ जेलने भरून निघतो. सीटीओ म्हणजे फ्लॅशचा प्रकाश नारिंगी करणारी जेल; पाव, अर्धा, पूर्ण ही तिची तीव्रता. ३२०० च्या पिवळ्या दिव्यांना अर्धा किंवा पूर्ण सीटीओ लागतो, आणि पूर्ण सीटीओ जवळजवळ एक स्टॉप, म्हणजे सुमारे निम्मा, प्रकाश खातो. नावावर मात्र विसंबू नका. ली या कंपनीचा अर्धा सीटीओ रोस्को कंपनीच्या अर्ध्यापेक्षा बराच गडद असतो.

म्हणून मोजूनच घ्या. फ्लॅश बंद ठेवून छताच्या दिव्यांखाली ग्रे कार्डचा (रंगछटा नसलेल्या करड्या कार्डाचा) फोटो काढा आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स लावा. मग शटर १/२००, अॅपर्चर एफ/८, आयएसओ १०० ठेवून छताचा प्रकाश जवळपास नाहीसा करा आणि जेल लावलेल्या फ्लॅशने तेच कार्ड टिपा. कार्ड निळसर दिसलं तर जेल फिकी पडली, नारिंगी दिसलं तर जास्त झाली. गुलाबी छटा आली तर छताच्या प्रकाशात हिरवा आहे. जुन्या ट्यूबलाइट आणि हलक्या प्रतीच्या एलईडीत हे हमखास होतं. अशा वेळी सीटीओवर प्लस ग्रीनची, म्हणजे हिरव्या जेलची, पट्टी चढवा. खोलीला शोभावं म्हणून फ्लॅश मुद्दाम हिरवा करायचा, हे विचित्र वाटतं खरं, पण मग दोन्ही प्रकाशांतला हिरवा व्हाइट बॅलन्स एकदमच काढून टाकतो.

जेल फ्लॅशच्या कडेपर्यंत घट्ट बसवा. फटीतून निसटलेला पांढरा प्रकाश सगळी जुळणी बिघडवतो. लाकडी किंवा रंगीत भिंतीवरून फ्लॅश बाउन्स केलात, म्हणजे तिच्यावर आपटवून परत आणलात, तर ती भिंतच दुसरी जेल होते. ग्रे कार्डची चाचणीही मग बाउन्ससकटच करावी लागते.

खिडकी असेल तर तिसरा रंग आला. फ्लॅश छताच्या दिव्यांशी जुळवला, तर खिडकीचा उजेड निळा दिसणारच. पडदे ओढा, किंवा त्याहून सोपं म्हणजे छताचे दिवे बंद करून बिनजेलचा फ्लॅश खिडकीच्या उजेडासोबत वापरा. ऊन कलल्यावर तो उजेड पिवळा होतो, तेव्हा पाव सीटीओ जवळ ठेवा.