खाणीखालच्या नदीचं पाणी: तपासणीचे आकडे मागायचे कसे?

पुण्याजवळच्या वाघोली, भावडी, लोणीकंद या पट्ट्यातल्या दगडखाणींचं पाणी पावसाळ्यात ओढ्यानाल्यांनी खाली उतरतं. खालच्या गावांचा प्रश्न ठरलेला असतो: नदीचं पाणी कुणी तपासतं का? तपासतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ मुळा-मुठेवर मुंढवा पूल आणि थेऊरला, नियमित नमुने घेतं. ते आकडे माहितीच्या अधिकारात मिळतात.

पण मागायचं काय, इथेच बहुतेक अर्ज फसतात. मंडळाचा जलगुणवत्ता निर्देशांक चार गोष्टींवर काढतात: सामू (पीएच), विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (सेंद्रिय घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू. त्यातून सांडपाणी कळतं, खडी क्रशरची भुकटी नाही. म्हणून निर्देशांक मागू नका, प्रयोगशाळेचा पूर्ण अहवाल मागा. त्यात गढूळपणा, टीएसएस (पाण्यात तरंगणारे कण) आणि नायट्रेट स्पष्ट लिहा. नायट्रेट अशासाठी की सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं. नमुन्याची तारीख आणि ठिकाणही मागा. जून ते सप्टेंबरचे महिने सोडू नका, भुकटी तेव्हाच वाहते.

अर्ज कोणीही भारतीय नागरिक करू शकतो. संस्थेच्या नावाने नको, स्वतःच्या नावाने करा. कारण सांगावं लागत नाही, सातबारा वगैरे काही जोडायचं नाही. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना) भरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडा. मजकूर १५० शब्दांत, एका अर्जात एकच विषय. राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही जमतं. पत्ता: जनमाहिती अधिकारी, मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, वाकडेवाडी, पुणे.

माझा पहिला अर्ज मी "पाणी राखाडी का आहे?" असा लिहिला होता. तीस दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: मागितलेली बाब 'माहिती' या व्याख्येत बसत नाही. राग आला, पण कायद्याने ते बरोबर होतं. 'का' विचारायचं नसतं, 'अमुक तारखेच्या अहवालाची प्रत द्या' म्हणायचं.

खाणीचा परवाना आणि अटी हव्या असतील तर वेगळा अर्ज, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत. पर्यावरण मंजुरी असलेल्या खाणीला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. तोही मागा. मंडळाच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचला की बरंच काही उलगडतं.

घरी एक साधी खूण पाहता येते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन रात्रभर खिडकीत ठेवा. दगडाची भुकटी तळाशी राखाडी, घट्ट थर धरते. बोटाने चोळली की खरखरते. हा पुरावा नव्हे, पण अर्ज करायचा की नाही ते ठरवायला पुरतो. खात्री करायची तर प्रवाहात खाणीच्या वरच्या आणि खालच्या बाजूला, एकाच दिवशी, दोन्ही नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. एकट्या खालच्या नमुन्याला काही अर्थ नाही.

उत्तराची मुदत ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत जोडपत्र 'ब' भरून पहिलं अपील, स्टॅम्प २० रुपयांचा. तेही फळलं नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. पोचपावतीवरचा आवक क्रमांक आणि तारीख मात्र जपून ठेवा, अपिलात पहिल्यांदा तेच विचारतात.