कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा कार्यक्षमता-दोष : निदान आणि दुरुस्ती

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पारिभाषिक मराठीत उत्प्रेरक परिवर्तक, हा मोटारीच्या सायलेन्सरच्या मार्गात इंजिनाजवळ बसवलेला भाग. इंजिनातून निघणाऱ्या विषारी वायूंचे तो कमी घातक वायूंत रूपांतर करतो. हे काम अपेक्षेपेक्षा कमी होत असल्याचे गाडीच्या संगणकाला वाटले की डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी-०४२० हा कोड दिसतो. व्ही-आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बाजूच्या कन्व्हर्टरसाठी पी-०४३० हा वेगळा कोड आहे.

नागपूरच्या गॅरेजांत हा दोष असलेली गाडी बहुधा एकाच वाक्यासोबत येते : "दादा, गाडी बरोबर चालून राहिली, पण लाइट काही जाऊन नाही राहिला." वाक्य खरे असते. या दोषात पिकअप आणि अ‍ॅव्हरेज बऱ्याचदा जागच्या जागी असतात, त्यामुळे मालक महिनोन्‌महिने दिव्याकडे दुर्लक्ष करतो, नाहीतर घाबरून थेट नवा कन्व्हर्टर बसवतो. दोन्ही मार्ग महागात पडतात. पी-०४२० हा दोन सेन्सरांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज असतो. कन्व्हर्टरच्या आत कोणी डोकावलेले नसते, आणि तो का थकला हे तर कोड सांगतच नाही.

रचना आणि कार्य

पोलादी कवचाच्या आत चिनी मातीच्या जातीचा, कॉर्डिएराइटचा ठोकळा असतो. तो समोरून पाहिला तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो. एका चौरस इंचात साधारण ४०० किंवा त्याहून अधिक बारीक नळ्या. नळ्यांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा खरबरीत लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण रुतलेले असतात. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या इंधनाचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे साध्या नायट्रोजनमध्ये विघटन होते. तीन कामे एकाच ठिकाणी होतात म्हणून याला त्रिमार्गी कन्व्हर्टर म्हणतात. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तो कामाला लागतो. म्हणूनच आजच्या बऱ्याच गाड्यांत तो मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळीला, चिकटूनच असतो : लवकर तापावा यासाठी.

लेपातला सिरियम ऑक्साइड या दोषाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. तो ऑक्सिजन साठवतो आणि गरज पडली की सोडतो. पेट्रोल इंजिनात एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा, वजनाने, हे आदर्श प्रमाण. प्रत्यक्षात संगणक त्या आकड्याच्या आजूबाजूला सतत थोडे कमी-जास्त करत असतो. ते चढउतार सिरियमच्या साठ्यात जिरतात. कन्व्हर्टर म्हातारा होतो तेव्हा आधी हा साठा आटतो.

संगणक मोजतो तेही हेच. कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर एक. जुन्या पद्धतीच्या पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखा वरखाली नाचतो. कन्व्हर्टर सुदृढ असेल तर मागच्या सेन्सरची रेघ ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहते, कारण साठ्याने सगळे धक्के पचवलेले असतात. मागची रेघही पुढच्यासारखी नाचू लागली म्हणजे साठा संपला. स्कॅनरच्या पडद्यावर या दोन रेघा एकाखाली एक लावून पाहाव्यात; एवढे समजवून सांगितले की मालकाला दोष डोळ्यांनी दिसतो आणि पुढचा संवाद सोपा होतो. हल्लीच्या गाड्यांत पुढे रुंद पल्ल्याचा एअर-फ्युएल सेन्सर असतो. त्याची रेघ अशी नाचत नाही, त्यामुळे तिथे दोन रेघांची तुलना या पद्धतीने करू नये.

संगणकाची ही चाचणी सिग्नलवर उभ्या गाडीत होत नाही. इंजिन पुरेसे गरम, वेग स्थिर आणि रस्ता मोकळा लागतो. सीताबर्डी ते सदर अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती आठवडाभरही पूर्ण होत नाही, आणि मग वर्धा रोडवर किंवा समृद्धी महामार्गावर गेल्यावर दिवा अचानक लागतो. मालकाला वाटते की लांबच्या प्रवासाने गाडी बिघडवली. दोष आधीपासूनच असतो. तपासायची संधी त्या दिवशी मिळते. बहुतेक गाड्यांत सलग दोन प्रवासांत चाचणी नापास झाली तरच दिवा लागतो.

पार्श्वभूमी

मोटारीसाठीच्या कन्व्हर्टरचे श्रेय फ्रेंच-अमेरिकन अभियंता यूजीन हूड्री यांना दिले जाते. अमेरिकेत तो १९७५ च्या गाड्यांपासून सर्रास आला. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, आणि त्यासोबत तिथे शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे कन्व्हर्टरला कायमचे निकामी करते. महानगरात घेतलेली गाडी बाहेरगावी शिशाच्या पेट्रोलवर चालली की कन्व्हर्टरचा जीव जायचा. देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल २००० साली हद्दपार झाले. पुढे १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ (बीएस-४) आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. पेट्रोलमधले गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाखांत ५० भाग) १० पीपीएमवर आले. गंधकही कन्व्हर्टरला मंदावते, त्यामुळे ही घट त्याच्या आयुष्याला मानवली.

कन्व्हर्टर का मरतो

कन्व्हर्टर सहसा स्वतःहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारलेले असते. पहिला संशयित म्हणजे मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी चुकून इंधन न जळणे. प्लग किंवा कॉइल खराब झाली की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतले तापमान इतके वाढते की चिनी मातीचा ठोकळा वितळून गोळा होतो. म्हणून इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्यावी. अजनीहून निघून धंतोलीपर्यंत 'थोडंसंच तर आहे' म्हणत नेलेली गाडी कन्व्हर्टर जाळून पोहोचू शकते.

दुसरा म्हणजे जळणारे ऑइल. इंजिन ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरसयुक्त द्रव्य असते. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजली की ते धुरातून जाऊन धातूच्या कणांवर थर धरते. कूलंट गळून सिलिंडरमध्ये गेले तरी तसेच नुकसान होते. अशा वेळी सेन्सरचे टोक काढून पाहिले तर त्यावर पांढरट लेप दिसतो. चुकीचे सिलिकॉन सीलंट वापरून केलेली दुरुस्तीही सेन्सर आणि कन्व्हर्टर दोघांना बाधते.

उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज खोडायला हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की गाडीवाले नागपूरच्या उन्हाला दोष देतात. शेकडो अंशांवर काम करणाऱ्या भागाला ४५ अंशांचे ऊन काहीच नाही. उन्हाचा फटका बसतो तो रबरी नळ्यांना, वायरिंगच्या प्लास्टिकला आणि कमकुवत कॉइलला. आणि त्यांचा बिघाड शेवटी कन्व्हर्टरच्या माथी येतो. कूलंट टाळून पाणी भरलेला रेडिएटर, त्यातून तापणारे इंजिन, मग हेड गॅसकेट (इंजिनाचा वरचा भाग बंद करणारे पॅकिंग) जाणे, अशी साखळी विदर्भात नवी नाही.

पावसाचा मुद्दा मात्र खराच आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि असंख्य गाड्या बुडाल्या. चालत्या गरम गाडीचा कन्व्हर्टर अचानक खोल पाण्यात गेला तर ठोकळ्याला तडे जाऊ शकतात. उभ्या बुडालेल्या गाडीत हा धोका कमी, पण सेन्सरच्या जोडणीत पाणी शिरते आणि गंज धरतो, आणि तो दोष वर्षभरानंतरही वर येऊ शकतो. अशा गाडीत कन्व्हर्टरला हात लावण्याआधी कनेक्टर उघडून पिना पाहाव्यात.

निदानाचा क्रम

स्कॅनर लावला की आधी बाकीचे कोड वाचावेत. मिसिंगचे, हवा-इंधन मिश्रणाचे किंवा सेन्सरच्या हीटरचे कोड सोबत असतील तर ते आधी सोडवावेत. पी-०४२० कित्येकदा त्यांच्या मागोमाग आलेला असतो. फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड नोंदला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि भार, लिहून ठेवावी. कोड उडवला की ती पुसली जाते, आणि पुष्कळ ठिकाणी नेमके हेच घाईत होते. त्यानंतर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधनात किती टक्के वाढ-घट करतो आहे तो आकडा, पाहावा. तो दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत असेल तर मिश्रण ठीक समजावे. बराच वर असेल तर हवा कुठून तरी चोरून शिरते आहे, किंवा इंधन कमी पडते आहे.

पुढे गळती. सेन्सरच्या आसपास पाइपाला भेग किंवा पॅकिंगला छिद्र असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला खोटा ऑक्सिजन दिसतो. सकाळी इंजिन थंड असताना सुरू करून कान लावावा. बारीक टिकटिक ऐकू येते आणि इंजिन तापून धातू फुगला की बंद होते. जवळ स्मोक मशीन (पाइपात धूर भरून गळती दाखवणारे यंत्र) नसेल तर साबणाचे पाणीही चालते : थंड पाइपात हलका दाब भरावा, जोडांवर फेस लावावा आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहावे.

मागचा सेन्सर बदलून पाहू, हा सल्ला फार मिळतो. तो बहुतेक वेळा वाया जातो. म्हातारा सेन्सर आळशी होतो, त्याची रेघ अधिकच सपाट येते. म्हणजे तो खराब कन्व्हर्टरला झाकतो, चांगल्यावर सहसा आरोप करत नाही. अपवाद असतात, पण सेन्सर बदलण्याआधी तो मिश्रण मुद्दाम गाढ आणि पातळ केल्यावर किती लवकर प्रतिसाद देतो हे तपासावे. तो खर्च वाचतो.

कन्व्हर्टर अडला आहे की नाही हे वेगळे तपासावे लागते. पुढचा सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावावा. आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसते सुरू) सव्वा पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आत आणि मिनिटाला २५०० फेऱ्यांवर तीन पीएसआयच्या आत दाब असावा, हा ढोबळ नियम. त्याहून बराच जास्त दाब म्हणजे आतला ठोकळा बुजला किंवा वितळला. रबरी हातोडीने थंड कवचावर हलके ठोकून पाहावे. खुळखुळ आवाज आला तर ठोकळा तुटलेला आहे. तापमापी बंदुकीने पुढच्या आणि मागच्या पाइपाचे तापमान मोजण्याची प्रथाही आहे, पण आजची इंजिने इतके कमी प्रदूषण देतात की निरोगी कन्व्हर्टरमध्येही फरक जाणवत नाही. त्यावरून एकट्याने निकाल देऊ नये.

पीयूसीचा कागद इथे अर्धीच साक्ष देतो. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांसाठी आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमची मर्यादा आहे. २५०० फेऱ्यांच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा, म्हणजे आदर्श प्रमाणाच्या तुलनेत हवेचे प्रमाण, ०.९७ ते १.०३ हवा. या चाचणीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. त्यामुळे पीयूसी मिळाली म्हणून कन्व्हर्टर निर्दोष ठरत नाही. गाडी या मर्यादांत बसली नाही तर मात्र ती गरम करून पुन्हा मोजावी. जवळूनच आलेल्या थंड गाडीचा कन्व्हर्टर जागाही झालेला नसतो.

दुरुस्ती

मूळ कारण दूर झाल्यावरच कन्व्हर्टर बदलावा; नाहीतर नवाही त्याच वाटेने जातो. फक्त काजळी साचलेली असेल, म्हणजे गाडी केवळ शहरात छोट्या फेऱ्या मारत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर पाऊण तास स्थिर वेगाने चालवून पाहावी. काही वेळा तेवढ्याने काजळी निघून जाते. पेट्रोलमध्ये टाकायचे क्लीनर याच्यापलीकडे जात नाहीत; वितळलेला ठोकळा किंवा फॉस्फरसचा थर कोणत्याही बाटलीने उतरत नाही.

नवा कन्व्हर्टर घेताना गाडीच्या उत्सर्जन पातळीला जुळणारा घ्यावा. स्वस्त भागांत मौल्यवान धातू कमी भरलेले असतात, आणि अशी गाडी काही महिन्यांत तोच कोड घेऊन परत येते. बसवताना कवचावरच्या बाणाची दिशा, नवे पॅकिंग आणि उष्णतारोधक पत्रे जागेवर आहेत ना, हे पाहावे. हे पत्रे फालतू नसतात. उन्हाळ्यात पेंच-ताडोबाच्या बाजूला गाडी वाळलेल्या गवतावर उभी केली तर तापलेला कन्व्हर्टर ते पेटवू शकतो.

आतला ठोकळा फोडून कवच पोकळ करणे, किंवा मागच्या सेन्सरखाली लांब नळी घालून त्याला फसवणे, हे उपाय बाजारात उघडपणे सुचवले जातात. दिवा बंद होतो, पण धुराड्यातून तेच वायू थेट शहराच्या हवेत जातात. देशाची पर्यावरण अभियांत्रिकी संस्था नीरी १९५८ पासून ज्या शहरात आहे, त्या शहरात तरी ही वाट कोणी धरू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ असे मूळ रचनेतले बदल रोखते, आणि वायुप्रदूषणाचे मानक मोडल्यास कलम १९०(२) प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

जुना कन्व्हर्टर गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. त्यातल्या धातूंना भाव मिळतो, म्हणून तो बिलावर नोंदवून घ्यावा किंवा अधिकृत पुनर्वापरासाठी द्यावा.

काम झाल्यावर कोड उडवून गाडी हातात देणे पुरेसे नाही. कोड पुसला की संगणकाचे सर्व तपासणी-मापकही (मॉनिटर) शून्यावर येतात. दोन-तीन वेगवेगळ्या प्रवासांत, त्यातला एक मोकळ्या रस्त्यावर ८० च्या आसपास स्थिर वेगाने, गाडी चालवावी. स्कॅनरवर 'कॅटॅलिस्ट मॉनिटर : पूर्ण' असे दिसावे आणि मागच्या सेन्सरची रेघ ०.६ ते ०.७ वर स्थिर असावी. तोपर्यंत दिवा बंद आहे एवढ्यावरून दुरुस्ती झाली असे बिलावर लिहू नये.