ओठावरचा फोड म्हणजे ‘उष्णता बाहेर पडली’?

ताप उतरता उतरता ओठाच्या कडेला फोड आला, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘चला, अंगातली उष्णता बाहेर पडली!’ ऐकायला बरं वाटतं, पण तसं काही नसतं.

असा फोड बहुतेक वेळा ‘हर्पीस सिम्प्लेक्स’ विषाणूमुळे येतो. बहुतेकांना तो लहानपणीच, कुणाच्या तरी पाप्यातून मिळालेला असतो. मग तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी, कानाच्या पुढच्या बाजूला कवटीत, वर्षानुवर्षं झोपून राहतो. ताप, कडक ऊन, जागरण, ताण, मासिक पाळी यांपैकी काहीतरी त्याला जागं करतं. आधी एक जागा चुरचुरते, मग तिथेच पाणी भरलेल्या बारीक फोडांचा झुबका उठतो, फुटतो, खपली धरतो. सात ते दहा दिवसांत सगळं आटोपतं. पुढच्या वेळी फोड बहुधा त्याच जागी!

‘उष्णता’ समजून गाफील राहण्यात खरा धोका आहे, कारण हा फोड संसर्गजन्य असतो. तो असताना तान्ह्या बाळाचा पापा अजिबात घेऊ नये. बाळाच्या जिवावर बेतू शकतं. फोडाला लागलेला हात डोळ्यालाही नको. असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध घ्यायचं तर चुरचुर सुरू होताच. खपली धरल्यावर फारसा उपयोग नाही.

अर्थात प्रत्येक फोड हर्पीसचा नसतो. खालचा ओठ दाताखाली आला, की कधीकधी आतून मऊ, निळसर गाठ येते, ती लाळग्रंथीची. गरम घोटाने भाजतं, लिपस्टिकची ॲलर्जी होते. पण दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम मात्र डॉक्टरांना दाखवाच.