आधी टाकी मुरू द्या

नवीन टाकी आणली, दुसऱ्याच दिवशी मासे सोडले आणि आठवड्याभरात त्यातले दोन-तीन मेले, की आपल्याकडे कोणीतरी हमखास सांगतं: घरावरचं संकट माशाने स्वतःवर घेतलं. वास्तूच्या नावाने अरोवाना आणि फ्लॉवरहॉर्न विकणारे हेच सांगून पुढचा मासा गळ्यात मारतात. (फ्लॉवरहॉर्न तर निसर्गात कुठे सापडतच नाही. तो १९९०च्या दशकात मलेशियात संकरातून तयार केलेला मासा आहे.) या समजुतीची मला मनापासून चीड आहे, कारण तो मासा बहुधा अमोनियाच्या विषबाधेने मेलेला असतो आणि ते टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

हे समजून घ्यायला कार्डिनल टेट्राइतका चांगला मासा नाही. निळा पट्टा, त्याखाली डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेला लाल पट्टा. निऑन टेट्राचा लाल पट्टा अर्ध्या अंगावरच असतो. कार्डिनलचं शास्त्रीय वर्णन १९५६ साली झालं. तो मूळचा रिओ नेग्रो आणि ओरिनोको नद्यांच्या वरच्या भागातला. रिओ नेग्रो ही ॲमेझॉनची उपनदी. तिच्या काठचं ब्राझीलमधलं बार्सेलोस हे गाव या माशांच्या व्यापारावर वाढलं. पावसाळ्यात नदी जंगलात शिरते, पानं पाण्यात कुजतात आणि पाणी कोऱ्या चहासारखं होतं. हा रंग ह्युमिक आम्लांचा. खालची जमीन पांढऱ्या रेतीची, तिच्यात चुना जवळजवळ नाही. त्यामुळे पाणी कमालीचं सुफेन, म्हणजे क्षार अगदी कमी असलेलं असतं आणि त्याचा सामू, म्हणजे पीएच, ४ ते ५ पर्यंत उतरतो.

आता मुख्य गोष्ट. मासा अमोनिया बाहेर टाकतो तो मुख्यतः कल्ल्यांमधून. पाण्यात गेल्यावर त्याची दोन रूपं होतात. एक अमोनिया, ज्यावर विद्युतभार नाही. दुसरं अमोनियम, म्हणजे हायड्रोजनचा एक आयन चिकटून धनभारित झालेला अमोनिया. भार नसलेला रेणू कल्ल्याच्या पातळ पडद्यातून सहज आत शिरतो. भारित आयनाला ते सहज जमत नाही. म्हणून विषारी आहे ते मुख्यतः पहिलं रूप. कोणतं रूप किती, हे सामू ठरवतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ८ असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण ५ टक्के विषारी रूपात असतो, ७ ला ०.५ टक्के आणि ६ ला ०.०५ टक्के. सामू एकाने बदलला की दहापट फरक.

हा हिशोब टाकीला लावून बघा. पाने-लाकूड घातलेल्या जुन्या टाकीचा सामू ६ वर आला आहे आणि लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया साठला आहे. त्यातला विषारी भाग फक्त ०.००१ मिलिग्रॅम, मासे मजेत. मग कोणीतरी सफाई म्हणून बरंचसं पाणी काढून बोअरवेलचं दुष्फेन, म्हणजे क्षारांनी जड झालेलं पाणी ओततं. समजा, सामू ८ वर गेला आणि पाणी बदलल्यावर लिटरमागे १ मिलिग्रॅम अमोनिया उरला. एकूण अमोनिया निम्मा झाला, पण विषारी भाग आता ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे पन्नासपट. लिटरला ०.०२ च्या वर तो फार दिवस राहू नये असं मानतात. स्वच्छ पाणी घातलं आणि मासे आजारी पडले, याचं कोडं इथे सुटतं.

मग अमोनिया जातो कुठे? फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर, लाकडावर जिवाणूंचा थर बसतो. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातक असतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं. नायट्रेट मात्र बरंच सौम्य. हे काम दोन वेगवेगळे जिवाणू गट वाटून करतात, असं १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने दाखवलं आणि सव्वाशे वर्षं तेच शिकवलं गेलं. २०१५ साली दोन संशोधक गटांनी दोन्ही टप्पे एकट्याने करणारा नायट्रोस्पायरा जिवाणू शोधला. त्यातल्या एका गटाला तो मत्स्यसंवर्धनाच्या फिल्टरमध्ये सापडला. त्याआधी २००५ साली अमोनियावर जगणारा पहिला आर्किया (जिवाणूंसारखा दिसणारा, पण वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव) वेगळा काढला गेला, तोही सिएटलमधल्या मत्स्यालयाच्या टाकीतून! माशांच्या टाक्यांनी सूक्ष्मजीवशास्त्राला दिलेल्या या देणग्या मला थोर वाटतात.

हा थर जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी मुरू द्यायची. मासे नाहीत, फक्त चिमूटभर खाद्य कुजायला टाकायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मासे आणायचे. नंतरही स्पंज क्लोरीनच्या नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा.

पण रिओ नेग्रोसारखं पाणी ठेवलेल्या टाकीत एक पेच आहे. जिवाणूंचं विकर, म्हणजे एन्झाइम, अमोनिया वापरतं ते भाररहित रूपात. जे माशाला विष तेच त्यांचं अन्न, आणि आम्लधर्मी पाण्यात ते जवळपास उरत नाही. जिवाणू मंदावतात. इथे वनस्पती उपयोगी पडतात. बऱ्याच पाणवनस्पतींना नायट्रेटपेक्षा अमोनियम पसंत असतं, कारण नायट्रेट घेतलं तर अमिनो आम्लं बनवण्याआधी त्याचं पुन्हा अमोनियम करण्यात ऊर्जा जाते.

खऱ्या रिओ नेग्रोच्या काळ्या पाण्यात पाणवनस्पती विरळच असतात, तिथे पाचोळा आणि मुळं जास्त. तरी मी झाडं लावाच म्हणेन. साठ लिटरची टाकी, बारा कार्डिनल, बारीक पांढरी रेती (लिंबाचा थेंब टाकून फेस आला तर चुना आहे, ती नको), उकळून घेतलेलं लाकूड, मागे ॲमेझॉन स्वॉर्ड आणि वर तरंगती साल्व्हिनिया. तरंगत्या वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड हवेतून मिळतो, म्हणून ती झपाट्याने वाढते आणि तितक्याच झपाट्याने अमोनियम खाते. पाण्याला रंग द्यायला रस्त्याकडेच्या देशी बदामाची वाळून गळलेली पानं उत्तम. फवारणी न झालेल्या झाडाचीच घ्या.

साल्व्हिनिया दर आठवड्याला मूठभर काढावी लागेल. ती कुंडीत पुरा, ओढ्यात किंवा नदीत कधीच टाकू नका. मुळा-मुठा आणि इंद्रायणी झाकून टाकणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेतलीच आहे आणि आपल्या सांडपाण्यातला नायट्रोजन खाऊनच फोफावली आहे.