सायक्लोक्रॉस सायकलच्या फ्रेमचे माप

सायक्लोक्रॉस प्रकारची सायकल घेताना स्वाराच्या शरीराची ठेवण आणि सायकलची फ्रेम यांचा मेळ घालण्यासाठी करावयाची मापांची निवड. सायक्लोक्रॉस ही गवत, वाळू, चिखल आणि तीव्र चढउतार असलेल्या आखूड मार्गाला अनेक फेऱ्या मारण्याची शर्यत असून विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा उगम फ्रान्समध्ये झाला. १९०२ मध्ये दान्येल गूसो यांनी फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरविली. १९५० मध्ये पॅरिस येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली व ती झां रॉबिक यांनी जिंकली. एक फेरी साधारणपणे २.५ ते ३.५ किमी.ची असते आणि वाटेत ४० सेंमी. उंचीपर्यंतचे आडवे फळीचे अडथळे असतात. तेथे स्वार चालत्या सायकलवरून उतरतो, ती उचलतो किंवा खांद्यावर टाकून धावतो आणि पुन्हा उडी घेऊन बसतो. ही फ्रेम बसून चालवायची तशीच खांद्यावर वाहायचीही असते, आणि म्हणून रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलचे माप तिला जसेच्या तसे लावता येत नाही.

या शर्यतीची परंपरा युरोपची असली, तरी असल्या सायकलचा उपयोग मराठवाड्यातील स्वाराला सहज पटण्यासारखा आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतील मुरमाड वाटा, गावोगावचे पांदण रस्ते आणि पावसाळ्यातील काळी जमीन हे सारे तिला अनुरूप आहे. काळी माती ओली झाली की टायरला थरावर थर चिकटत जातो, मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये चिखल गच्च बसतो आणि चाक फिरेनासे होते. मग काडीने तो उकरत बसण्यापेक्षा सायकल खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत जाणे शेतकऱ्याला सोपे वाटते. शर्यतीतील स्वारही चिखलात नेमके हेच करतो.

फ्रेमचे माप सांगण्याच्या पद्धतींत बराच घोळ आहे. आपल्याकडे साधी काळी सायकल घेताना ‘२२ इंची की २४ इंची’ असे विचारण्याची पद्धत रूढ आहे. ते माप सीटखालच्या उभ्या नळीचे असून ते अनुक्रमे सुमारे ५६ आणि ६१ सेंमी. भरते. मुलांच्या सायकलबाबत मात्र ‘२४ इंची’ म्हणजे चाकाचा व्यास. सायक्लोक्रॉसच्या फ्रेम साधारणपणे ४८ ते ६० सेंमी. अशा आकड्यांनी विकल्या जातात, पण तो आकडा एक कारखाना उभी नळी दांडीला मिळते त्या जोडाच्या मध्यापर्यंत मोजून देतो, तर दुसरा उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत. तिरकी दांडी असलेल्या फ्रेमवर तर तो अनेकदा केवळ नावापुरता असतो. एका कारखान्याची ५२ आणि दुसऱ्याची ५२ यांत दोन सेंमी.पर्यंत फरक पडू शकतो. त्यामुळे आकड्यावर न जाता प्रत्येक फ्रेमसोबत मिळणारा मापांचा तक्ता वाचणे अगत्याचे ठरते, विशेषतः सायकल प्रत्यक्ष न पाहता दूरवरून मागविणाऱ्याने.

निवडीचा आरंभ पायाच्या आतल्या लांबीपासून होतो. अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून, दोन पायांत सुमारे १५ सेंमी. अंतर ठेवून उभे राहावे आणि जाड पुठ्ठ्याचे पुस्तक पायांच्या मध्ये, सीटवर बसल्यावर जाणवतो तितक्या दाबाने, वर ओढून धरावे. पुस्तकाची एक कड भिंतीला पूर्ण टेकलेली हवी. ती तिरकी झाली की मापात एकदोन सेंमी.ची चूक होते. गवंड्याचा गुण्या मिळाल्यास हे काम अधिक चोख होते. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्यावे व तीनदा मोजून सरासरी काढावी. पँटचे माप येथे कामाचे नाही, कारण शिंपी कापड मोजतो, हाड मोजत नाही.

ही लांबी ८० सेंमी. असल्यास, अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमॉन्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीनुसार तिला ०.८८३ ने गुणून बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे क्रँक (पेडलचा दांडा) ज्या नळीत फिरतो तिच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची सुमारे ७०.६ सेंमी. मिळते. त्याच लांबीला ०.६५ ने गुणल्यास रस्त्यावरच्या सायकलच्या फ्रेमचे ढोबळ माप, येथे ५२ सेंमी., निघते. सायक्लोक्रॉससाठी त्यातून एक ते दोन सेंमी. कमी करण्याचा प्रघात आहे. अडथळ्यांवरून क्रँक घासू नये म्हणून अनेक सायक्लोक्रॉस सायकलींचा बॉटम ब्रॅकेट थोडा वर बसविलेला असतो. तो वर गेला की दांडीही जमिनीपासून तितकीच वर जाते. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, बूट घालून दांडीवर उभे राहिल्यास दांडी आणि शरीर यांत ३ ते ५ सेंमी. जागा उरली पाहिजे. खडबडीत वाटेवर अवचित उतरावे लागते आणि पाय सपाट जागी पडेल याचा भरवसा नसतो, म्हणून ही जागा रस्त्यावरच्या सायकलपेक्षा अधिक ठेवलेली बरी. आणखी एक बारकावा असा, की आंतरराष्ट्रीय शर्यतीत टायरची रुंदी ३३ मिमी.पर्यंतच चालते, परंतु आपल्या वाटांवरच्या दगडगोट्यांमुळे कोणी ४० मिमी.चे टायर बसविले, तर सायकल सुमारे ७ मिमी.ने उंचावते आणि ती जागा तितकीच घटते.

उंचीपेक्षा लांबी अधिक महत्त्वाची आहे, आणि बहुतेक चुका येथेच होतात. सीट वरखाली करता येते, पण फ्रेमची लांबी घेतली ती कायमची. पूर्वी दांडीची आडवी लांबी पाहत. तथापि सीटच्या नळीचा कोन एका अंशाने बदलला तरी सीट सुमारे १.२ सेंमी. पुढेमागे होते, त्यामुळे समान दांडीच्या दोन फ्रेम चालवायला वेगळ्या लागतात. म्हणून आता ‘रीच’ आणि ‘स्टॅक’ ही मापे प्रमाण मानतात. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यातून एक ओळंबा वरच्या दिशेने नेला आहे अशी कल्पना केल्यास, त्या रेषेपासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच आणि त्या माथ्याची बॉटम ब्रॅकेटपासूनची उंची म्हणजे स्टॅक. मध्यम मापाच्या फ्रेमची रीच सर्वसाधारणपणे ३७ ते ३९ सेंमी. असते. दोन फ्रेमची तुलना करताना दोन्ही मापे एकत्र पाहावीत, कारण हँडलची नळी मागे झुकलेली असल्याने तिच्यावर एक सेंमी.च्या चकत्या चढविल्या की हँडल सुमारे ३ मिमी. मागेही येते.

या सायकलवर स्वार रस्त्यावरच्यापेक्षा थोडा ताठ आणि आखडून बसतो, कारण चिखलात, निसरड्या वळणावर वजन चटकन मागेपुढे करावे लागते. हँडलपर्यंत हात ताणून पोहोचणाऱ्या स्वाराचे पुढचे चाक ओल्या उतारावर त्याच्या ताब्यात राहत नाही. हँडलच्या ब्रेकवर हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेला असावा आणि खांदे कानांकडे चढलेले नसावेत, ही साधी खूण पुष्कळ आकड्यांपेक्षा विश्वासार्ह आहे. धड लांब आणि पाय आखूड असलेल्याने केवळ पायाच्या मापावरून फ्रेम घेऊ नये.

खांद्यावर घेताना उजवा हात फ्रेमच्या त्रिकोणातून घालून, खालच्या नळीखालून पुढे नेऊन हँडलचा डावा बाक धरतात आणि दांडी खांद्यावर टेकते. ज्यांनी लहानपणी मोठ्या माणसाच्या सायकलच्या याच त्रिकोणातून पाय घालून कैची मारली आहे, त्यांना या जागेचे मोल वेगळे सांगायला नको. फार लहान आणि तिरक्या दांडीच्या फ्रेममध्ये ही जागा उरत नाही व पाण्याच्या बाटलीचा पिंजरा बरगडीला टोचतो. शर्यतीत तो काढूनच टाकतात. लहान फ्रेमचा दुसरा दोष म्हणजे मंद गतीने वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागणे, कारण फ्रेम लहान झाली तरी चाक तेच राहते. आखूड क्रँकने तो थोडा कमी होतो.

दोन मापांच्या मध्ये येणाऱ्या स्वाराने बहुधा लहान फ्रेम घेऊन हँडलचा स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा, एक सेंमी.ने लांब करावा. मात्र पाठीचा त्रास असल्यास किंवा दिवसभर लांब पल्ला गाठायचा असल्यास, दांडीवरची जागा पुरत असेल तर मोठी फ्रेम अधिक सुखाची पडते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी शाळेच्या गणवेशासारखी ‘पुढे कामी येईल’ म्हणून मोठी फ्रेम घेण्याचा मोह पालकांनी आवरावा. सैल सदरा बाह्या दुमडून घालता येतो, पण दांडीवर उभे राहून जमिनीला पाय न टेकणाऱ्या मुलाला चिखलात सायकल सावरता येत नाही. अशा मुलांची पायाची आतली लांबी दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावी आणि सीट व स्टेम त्याप्रमाणे बदलत जावे.